कोंढव्यात चालायचं कुठून?



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, नगररचनेतला जाणकार नाही. पण गेल्या वर्षी अम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं. तेव्हापासून मी रस्त्याकडे नीट बघायला लागलो. आमच्या घरापासून भाजीवाल्यापर्यंत जेमतेम तीनशे मीटर अंतर. त्यात सलग चाळीस पावलं चालता येईल असा फुटपाथ नाही. कुठे दुचाक्या, कुठे विजेचा डबा, कुठे दुकानाचा जनरेटर. आठव्या दिवशी अम्मी म्हणाली, "बेटा, मैं घर में च चल लेती." आता ती हॉलमध्ये फेऱ्या मारते.

इंजिनियरची खोड म्हणून मी टेप घेऊन मोजलं. इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात की चालायला किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आमच्याकडे एका ठिकाणी उंची 280 भरली. तो फुटपाथ नव्हे, ओटा आहे!

पुण्यात हे कुणाला कळत नाही असं नाही. रस्ते कसे असावेत याची मार्गदर्शक तत्त्वं महापालिकेने 2016 मध्येच केली, 2017 मध्ये सायकल आराखडा आला. जंगली महाराज रस्त्यावर जाऊन बघा, रुंद फुटपाथ आहे, बसायला बाक आहेत. लक्ष्मी रस्त्यावर 11 डिसेंबरला पादचारी दिन होतो, गाड्या बंद आणि माणसं रस्त्याच्या मधोमध. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. मग आमच्याकडे का नाही? इथे इमारती आधी आल्या आणि रस्ते मागून. पेठांतून, कॅम्पातून माणसं आली, काही तर दुसरीकडे घर मिळेना म्हणून आली. हा अन्याय आहेच, आणि तो बोलला पाहिजे.

पण अर्धी गोष्ट आपलीही आहे. रस्त्यातली त्रास देणारी वस्तू बाजूला करणं हा ईमानचाच एक भाग आहे, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. जुम्म्याच्या बयानात ती ऐकून बाहेर येतो आणि फुटपाथवर आपणच लावलेली बाईक काढतो. मीही हे केलंय.

आता सायकल. माझी बहीण आठवीपर्यंत सायकलने शाळेत जायची. मग घरात ठरलं, "रस्ता चांगला नाही." रस्ता खरंच वाईट होता. पण त्या वाक्यात "लोक काय म्हणतील" हेही लपलेलं होतं, आणि ट्रॅफिकच्या आड ते कुणाला कधी उघडपणे म्हणावं लागलं नाही. रस्ता सुरक्षित झाला तर निदान ती सबब तरी उरणार नाही. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने 18 एप्रिल 1966 ला मुंबईत सात मुस्लिम महिला मोर्चाने विधिमंडळावर गेल्या, ते आपण अभिमानाने सांगतो. आपल्या मुलींना साधं क्लासला एकटीने चालत जाता येतं का, हेही विचारू या.

काही जण म्हणतात, हे नेदरलँड्सचं कौतुक इथे चालणार नाही. पण तिथेही रस्ते मोटारींनी गिळलेच होते. 1971 मध्ये त्या छोट्या देशात सुमारे 3,300 माणसं रस्त्यावर मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा धोरण बदलायला लागलं. वेगाचं गणित तर शाळेतलंच आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणून ताशी 50 किलोमीटरने येणाऱ्या गाडीची ऊर्जा 30 च्या गाडीच्या पावणेतीनपट असते. शाळेजवळ गतिरोधक आणि अरुंद वळण मागायचं ते एवढ्यासाठी.

एक खबरदारी मात्र घ्या. फुटपाथ मोकळा करा म्हटलं की सगळ्यात आधी हातगाडी उचलली जाते, चारचाकी तिथेच राहते. 2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे आधी सर्वेक्षण व्हायला हवं, त्याआधी कुणाला हटवता येत नाही. कणीस विकणारा चाचा आपला शत्रू नाही. उलट संध्याकाळी त्याच्या दिव्यामुळेच त्या कोपऱ्यावरून बायकांना निर्धास्त जाता येतं. एक मोटार उभी करायला साधारण साडेबारा चौरस मीटर जागा लागते, आणि तीही फुकट. हिशोब तिच्यापासून सुरू करा.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अडथळ्याविना फुटपाथ मिळणं हा संविधानाच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. शिवाय पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. आपल्या प्रभागातली छोटी कामं, त्यात फुटपाथही, आपण स्वतः अर्ज करून सुचवू शकतो. आमच्या गल्लीतून किती अर्ज गेले असतील, असं मी शेजाऱ्यांना विचारलं. बहुतेकांनी मलाच उलट विचारलं, "असं काही असतं?"

मागच्या टेबलावर मी अर्जाचे नमुने ठेवलेत, मराठीत आणि उर्दूत. टेपही आणलीय. चहा झाला की मशिदीच्या फाटकापासून शाळेपर्यंत दोघादोघांनी मोजत जाऊ. ज्यांची बाईक बाहेर फुटपाथवर आहे, त्यांनी ती आधी काढा.