फिशटँक रिकामा का आहे?
(मदतनीसांच्या तिमाही सभेत केलेले भाषण)



वसतिगृहाला भेट देऊन गेलेल्या काही जणांनी विचारलं, "तुमचा फिशटँक कोरडा का पडलाय?" मासे तुमच्या देणगीतून आले होते, तेव्हा हिशोब द्यायलाच हवा. त्यात माझी एक चूकही आहे.

टँकमध्ये दुकानातली शोभेची वस्तू एकच होती, प्लास्टिकचा किल्ला. बाकी सगळं मुलांनी आणलेलं. सूर्या नदीतल्या गारगोट्या, पुरात वाहून आलेलं एक वाकडं मूळ आणि सातवीतल्या एका मुलाने केलेलं भाजक्या मातीचं छोटं घर. ते अगदी त्याच्या पाड्यावरच्या घरासारखं होतं.

जानेवारीत थंडी वाढली. त्याच सुमारास आम्ही बाजारातून नवीन मासे आणून थेट टँकमध्ये सोडले. आठवड्याभरात माशांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसले, ते दगडांना अंग घासू लागले आणि मेले. मी पाणी फेकलं, सगळं नळाखाली चकाचक धुतलं आणि दुसऱ्याच दिवशी नवीन आठ मासे आणले. आठ दिवसांत तेही गेले.

आता मुलांना दोषी हवा होता. आदल्या दिवशी पाणी बदललं होतं ते घरवाल्या मुलाने. "याच्या हाताचं लागलं," असं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. तो जेवायला वेगळा बसू लागला. पोरं विसरतील म्हणून मी दोन दिवस काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याने घरी फोन लावून मागितला, तेव्हा माझे डोळे उघडले.

मत्स्यशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षकांना मी सगळी हकिगत सांगितली. त्यांनी विचारलं, "दगडांचं काय केलंत?" मग त्यांनी समजावलं. ठिपक्यांचा हा रोग इक्थिओफ्थिरियस नावाच्या परजीवीमुळे होतो. तो माशाच्या कातडीत वाढतो, पिकला की गळून खाली पडतो आणि दगडाला, मुळाला, किल्ल्याच्या भिंतीला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. त्या कवचात एकाचे शेकडो होतात. बाहेर पडलेल्या पिल्लांना दोन-तीन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. आम्ही तर त्यांना वेळेवर आठ मासे नेऊन दिले होते! नुसतं सगळं वाळू दिलं असतं तरी हा परजीवी संपला असता.

त्याच संध्याकाळी मी मुलांना बोलावलं. रोग कुणाच्या हातातून आला नाही, नवीन मासे वेगळे न ठेवणारा मी आणि ओले दगड परत टँकमध्ये टाकणाराही मीच, असं सर्वांसमोर सांगितलं. त्या मुलाची माफी मागितली. तो मान खाली घालून बसला होता. शेवटी एवढंच म्हणाला, "सर, माझं घर फेकणार का?"

जोडीला दुसरे जंतू असतील तर, म्हणून आम्ही औषधाने धुवायचंही ठरवलं. आधी ब्रशने शेवाळ आणि चिकटा घासून काढला. घाण राहिली तर ब्लीचची ताकद तिच्यावरच खर्च होते. मग अंगणात, हातमोजे घालून, साध्या बिनवासाच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे एकोणीस भाग, त्यात गारगोट्या, किल्ला आणि टँकची काच पंधरा मिनिटं. एका मुलाने संडास धुण्याचं ॲसिड आणलं होतं, ते ताबडतोब परत पाठवलं. दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. नंतर तीन-चार पाण्यांतून काढून, मत्स्यदुकानात मिळणाऱ्या क्लोरीन घालवणाऱ्या औषधाच्या पाण्यात भिजवून सगळं उन्हात ठेवलं. किल्ला पोकळ आहे. त्याच्या पोटात ब्लीच राहू नये म्हणून तो उलटासुलटा करून निथळावा लागला. त्याचा रंगही उडाला, पण दुःख कुणालाच झालं नाही.

मूळ मोठ्या पातेल्यात तासभर उकळलं, कारण लाकूड ब्लीच शोषून घेतं आणि पुढे पाण्यात सोडत राहतं. गारगोट्या मात्र उकळू नयेत, आत पाणी असेल तर दगड फुटतो. फिल्टरचा स्पंज आणि जुनी जाळी टाकून दिली. वापरलेलं पाणी नाल्यात सोडलं नाही. तो नाला खालच्या तळ्याला मिळतो आणि तिथे पाड्यातल्या कुटुंबांचे रोहू-कटला आहेत.

राहिलं मातीचं घर. लेवीयच्या पंधराव्या अध्यायात विटाळलेलं मातीचं भांडं फोडायला सांगितलंय. डिप्लोमाच्या वर्गात ती पानं मी भराभर उलटली होती. माती सच्छिद्र, म्हणून ब्लीच नको. माशांचा क्षयरोग असता तर ते टाकावंच लागलं असतं. त्याचे जंतू चिवट असतात आणि हाताला जखम असेल तर माणसालाही त्रास देतात. पण आमचे मासे खंगले नव्हते, त्यांचे कणे वाकले नव्हते. शिक्षक म्हणाले, महिनाभर कडक उन्हात ठेवा.

नवीन स्पंजात पाणी शुद्ध ठेवणारे चांगले जिवाणू वाढायलाही काही आठवडे लागणार आहेत, त्यामुळे घाई नाही. नवीन मासे आले की आधी वेगळ्या टबात ठेवू. टबाची पाटी मुलांनी आत्ताच रंगवलीय. घर सध्या कार्यालयाच्या पत्र्यावर आहे. रोज दुपारी तो मुलगा शिडी लावून वर चढतो आणि त्याची बाजू बदलतो. शिडी धरायला दोन पोरं असतात.