न्हाणीला दार



आज मी न्हाणीविषयी बोलणार आहे. काही जण हसतील. म्हणतील, "हा काय बोलायचा विषय आहे?" पण हा विषय बोलण्यासारखाच आहे. का, ते आधी सांगते.

माझ्या लहानपणी आमच्या घरी न्हाणी नव्हती. परसात एक चपटा दगड होता. आई त्याच्यापुढे बाज उभी करायची. बाजेवर लुगडे टाकायची. झाला आडोसा! पहाटे अंधारातच ती दोन तांबे पाणी अंगावर घ्यायची. थंडी असो, ताप असो, उजाडायच्या आत सारे उरकायचे. एकदा वाऱ्याने बाज पडली. त्यानंतर आठ दिवस आई नीट न्हालीच नाही.

मग बाबांनी न्हाणी बांधली. चार फूट लांब, चार फूट रुंद. दाराची गोष्ट निघाली. बाबा म्हणाले, "न्हाणीले दार कायले पायजे? पोतं टांगू." आई एवढेच म्हणाली, "वाऱ्यानं पोतंभी उडते." बाबा गप्प झाले. पुढच्या बाजारी ते कबाड्याकडे गेले. एक जुने सागवानी दार बैलगाडीत घालून घेऊन आले.

मंडळी, नव्या वस्तूंना पैसा लागतो. पण जुन्या वस्तूंनीही न्हाणी चांगली होते, सुंदरही होते.

आपल्याच जिल्ह्यात पाहा. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. १९४० साली त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील बापूकुटी मीराबेन यांनी उभारली. माती, बांबू, कवेलू, सारे आपल्याकडचेच. मीराबेन यांनी मातीच्या भिंतीवर मातीनेच झाडे आणि चरखा काढला. रंगाला पैसा लागला नाही. त्या कुटीत न्हाणीघर आहे. तेथे वाचायचे कागद ठेवायला फळीसुद्धा आहे. गांधीजी आलेल्या पत्रांची पाकिटे उलटून त्यांवर लिहीत. वस्तू वाया जाऊ द्यायची नाही आणि जागा नीटनेटकी ठेवायची, हे दोन्ही त्यांनी एकत्र करून दाखवले.

आता आपल्या न्हाणीकडे वळू.

आधी जमीन. जुन्या घराची शहाबादी फरशी मिळाली तर घ्या. तिची खडबडीत बाजू वर ठेवा. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतो. चार फुटांना एक इंच उतार द्या, म्हणजे पाणी साचणार नाही. पाणी जाते तेथे भोके पाडलेला जुना पत्रा बसवा. केस आणि काडीकचरा तेथेच अडेल.

बाहेर शोषखड्डा करा. त्यात फुटक्या विटा आणि दगड भरा. खड्डा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर असावा. नाहीतर न्हाणीचे पाणी पिण्याच्या पाण्यात जाईल. जवळच केळ किंवा अळू लावा. सांडपाणीही कामी येईल.

मग भिंत. चुन्याचे दोन हात द्या. त्यात थोडी नीळ घातली तर छान निळसर रंग येतो. फुटलेल्या कपबश्या टाकू नका. सिमेंट ओले असताना त्यांचे तुकडे भिंतीत दाबा. फूल करा, वेल करा. मुले हौसेने करतील. पण धार बाहेर राहू देऊ नका. आणि काच जमिनीवर कधी बसवू नका.

मोडक्या बाजेचे लाकूड असेल, त्याची फळी करा. साबण, तेल, कंगवा वर राहील. तडा गेलेला माठ असेल, त्यात तुळस किंवा मोगरा लावून दाराशी ठेवा. जुने दार घेताना खिळ्याने टोचून पाहा. खिळा सहज आत गेला, तर लाकूड वाळवीने पोखरलेले समजा. असे दार फुकट मिळाले तरी आणू नका.

आणखी एक गोष्ट. ही मात्र विसरू नका. फवारणीच्या औषधाचा डबा किंवा ड्रम न्हाणीत आणू नका. आपण त्याला औषध म्हणतो, पण ते विष आहे. दहा वेळा धुतले तरी डब्यात ते राहू शकते. त्यातले पाणी अंगावर घेणे धोक्याचे आहे. असा डबा कशालाच वापरू नका. मुलांच्या हातीही लागू देऊ नका. जुना ड्रम विकत घेताना आधी विचारा, "यात काय होते?" विकणाऱ्याला सांगता आले नाही, तर तो ड्रम तेथेच सोडा.

आता आमच्या न्हाणीचे शेवटचे सांगते. दार बसले त्या दिवशी आई भर दुपारी न्हायला गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी घाबरून दार वाजवले. आतून आई म्हणाली, "थांब ना गं! आज डोक्यावरून न्हातो आहे. घाई कायची?"

तेव्हा मला कळले. घरात सर्वांत सुंदर वस्तू त्या दाराची आतली कडी होती.

आज घरी गेल्यावर परसात एक फेरी मारा. काय काय पडले आहे ते पाहा. आणि घरातल्या बायकांना विचारा, "न्हाणीला काय हवे?" त्या सांगतील, तेथून कामाला सुरुवात करा.