निसटत्या वायूची साक्ष



कामगार संघटनेचा माणूस विज्ञानावर काय बोलणार, ही शंका काही चेहऱ्यांवर मला येथून दिसते. ती रास्त आहे. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. या विषयापाशी मला एका चुनाभट्टीने आणून सोडले.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका भट्टीतली कळी पाण्यात नीट विरेना. गिऱ्हाइकाने माल परत केला. मालक म्हणाला, भाजणाऱ्यांनी कामचुकारपणा केला, कळी कच्ची राहिली. आणि मजुरी कापली. कामगारांचे म्हणणे उलट होते. कोळसा जास्त घालायला मुकादमानेच सांगितले, कळी अति भाजली. मी न विरलेल्या खड्यांवर आम्ल टाकून दाखवले. कच्ची चुनखडी असती तर फसफसली असती. खडे फसफसले नाहीत. "मग विरत का नाहीत?" असे मालकाने विचारले, आणि मी निरुत्तर झालो. मजुरी कापलीच गेली.

त्या प्रश्नाच्या मागे लागलो. चुनखडी सुमारे 900 अंशांवर कर्बद्विप्राणिल वायू सोडते आणि 100 शेरांचे 56 शेर उरतात, हे शाळेच्या पुस्तकात असते. परंतु वायू निघून गेल्यावरही आच चालूच राहिली तर? तराजूचा काटा हलत नाही. आतील बारीक कण मात्र एकमेकांना चिकटून मोठे होतात, रंध्रे बुजतात, आणि पाण्याला आत शिरायला वाट उरत नाही. वजन तेच, रासायनिक घटक तेच, पदार्थाची घडण वेगळी! ही घडण तापवताना कशी पाहावी?

याचे एक उत्तर ऑटो हान यांनी दिले. 1905 साली ते लंडनला विल्यम रॅम्झे यांच्या प्रयोगशाळेत होते. निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन हे निष्क्रिय वायू जगापुढे आणणारे तेच रॅम्झे. सिलोनच्या खनिजातून मिळालेल्या द्रव्यावर काम करताना हान यांना रेडिओथोरियम सापडले. पुढे बर्लिनला त्यांनी त्याचा हेराप्रमाणे उपयोग केला. पदार्थ तयार होतानाच त्यात या द्रव्याचा लेशमात्र अंश मिसळायचा. त्यापासून रेडियम होते, आणि रेडियमपासून रेडॉन हा निष्क्रिय वायू. रेडियमचा अणू आल्फा कण फेकतो तेव्हा उरलेल्या अणूला बंदुकीच्या दस्त्यासारखा मागे धक्का बसतो. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील काही दशक भाग एवढाच तो सरकतो. पृष्ठभाग वा रंध्र तेवढ्या अंतरात असेल तर वायू सुटतो. नसेल तर आतच अडकतो. सुटलेला वायू हवेच्या झोताबरोबर मोजयंत्राकडे न्यायचा आणि मोजायचा.

हा साक्षीदार मला फार आवडतो. तो कोणाशी संयोग पावत नाही, म्हणजे कोणाच्या बाजूचा नाही. शिवाय थोरियमच्या वंशातील या रेडॉनचे अर्धायुष्य सुमारे 56 सेकंद. कालचा वायू आजच्या मोजणीत मिसळतच नाही. जे दिसते ते आत्ताचे.

ताज्या, सच्छिद्र चूर्णातून वायू भरपूर सुटतो. तेच कडक भाजून, थंड करून मोजले तर थोडा. तथापि तापत असतानाची नोंद वाचणे इतके सोपे नाही. आच वाढली की अडकलेला अणू घनातूनच वाट काढत बाहेर झिरपू लागतो. एकीकडे दारे बंद होतात आणि दुसरीकडे भिंतीच पाझरतात. आलेख उतरतो, पुन्हा चढतो. कोणता भाग धक्क्याचा आणि कोणता झिरपण्याचा, हे न ओळखता अर्थ लावणारा फसतो. पुढे चेकोस्लोव्हाकियात व्लादिमीर बालेक यांनी ही पद्धत वजन व उष्णता मोजणाऱ्या उपकरणांच्या जोडीला बसवली. तिच्यावर त्यांनी टोल्गेसी यांच्यासह 1984 साली ग्रंथ लिहिला.

हे केवळ प्रयोगशाळेचे कौतुक नव्हे. 1969 साली सुरू झालेल्या आपल्या तारापूरच्या अणुवीज केंद्रात युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या धातूच्या नळ्यांत भरलेल्या असत. अशा गोळ्यांत विघटनाने झेनॉन आणि क्रिप्टॉन निर्माण होतात. ते गोळीतच राहतात की सुटून नळीत दाब वाढवतात, हे तापलेल्या गोळीच्या घडणीवर पुष्कळसे अवलंबून असते. तेथे प्रश्न मजुरीचा नसून नळी फुटण्याचा असतो.

त्या भट्टीचे दोन न विरलेले खडे मी पत्र्याच्या डब्यात ठेवून दिले होते. रेडॉन मोजण्याचे यंत्र मला कोण देणार! चार पावसाळे गेल्यावर डबा उघडला. आत खडे नव्हते. दमट हवेने सावकाश विरून त्यांचे पांढरे पीठ झाले होते. कच्ची चुनखडी अशी विरत नाही. मी डबा घेऊन भट्टीवर गेलो, तर भट्टी बंद पडून वर्ष झाले होते.