वर्दी उतरल्यानंतरची नोकरी

लष्करातला जवान निवृत्त होतो तेव्हा बहुधा चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असतो. मुलं शाळेत असतात आणि पेन्शन पगाराच्या निम्म्यावर येते. म्हणून सेवेचं शेवटचं वर्ष फार मोलाचं. पुनर्वसन महासंचालनालयाचे प्रशिक्षणवर्ग निवृत्तीआधीच मिळतात; ते सुट्टी समजून वाया घालवू नयेत.

एक तरतूद अनेकांना ठाऊकच नसते. दहावी उत्तीर्ण जवानाची १५ वर्षं सेवा झाली असेल, तर केंद्राच्या गट ‘क’मधल्या पदवी मागणाऱ्या अनेक पदांसाठी तो पात्र धरला जातो, तांत्रिक पदं मात्र वेगळी. याच गटात माजी सैनिकांना १० टक्के आरक्षण आहे, आणि वय मोजताना सेवेची वर्षं अधिक ३ वर्षं वजा होतात.

सुरक्षारक्षकाचं काम मानाचंच आहे. पण रडार दुरुस्त करणाऱ्या, जखमींवर उपचार करणाऱ्या माणसालाही आपण तेवढीच वाट दाखवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अर्जात नुसतं ‘सैनिक’ न लिहिता आपलं नेमकं काम लिहा. आणि गावी परतताच डिस्चार्ज बुक घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवा; ओळखपत्र तिथंच मिळतं.