एल्सिनोरच्या किल्ल्यांत हिंगण्याचे अण्णा

उन्हाळ्याच्या सुटींत युरोपला जाऊन येणें ही गोष्ट पुण्यांतील सुशिक्षित कुटुंबांना आतां अप्रूपाची राहिलेली नाहीं. लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम असा बहुधा ठराविक क्रम असतो. पंधरा दिवसांत सहा-सात देश पदरांत पडतात, आणि परत आल्यावर छायाचित्रें पाहतांना कोणतें चर्च कोणत्या गांवचें याविषयीं घरांत एकमत होत नाहीं. या धांवत्या फेरीच्या बाहेर, डेन्मार्कच्या समुद्रकांठीं, एक लहानसें जुनें गांव आहे. डॅनिश लोक त्याला हेल्सिंगोर म्हणतात. इंग्रजी वाङ्मय वाचणारांना तें एल्सिनोर या नांवानें परिचित आहे. गांव स्वतःच्या गुणांनीं प्रेक्षणीय आहेच. परंतु पुणेकरानें वाट वांकडी करून तेथें जावें याला आणखीहि एक कारण आहे. १९२९ च्या ऑगस्ट महिन्यांत हिंगण्याचे अण्णा, म्हणजे महर्षि धोंडो केशव कर्वे, या गांवीं गेले होते. त्यावेळीं त्यांचें वय एकाहत्तर वर्षांचें होतें.

आधीं गांवाविषयीं. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामध्यें ओरेसुंड नांवाची सामुद्रधुनी आहे. बाल्टिक समुद्रांत जाणाऱ्या-येणाऱ्या बहुतेक गलबतांना हाच मार्ग सोयीचा. ती जेथें सर्वांत अरुंद, म्हणजे अवघी अडीच मैल रुंद होते, नेमक्या त्याच जागीं, पाण्यांत घुसलेल्या भूशिरावर, क्रोनबोर्गचा किल्ला उभा आहे. पैलतीरावरचें स्वीडनचें हेल्सिंगबोर्ग शहर तटावरून नुसत्या डोळ्यांनीं दिसतें. पंधराव्या शतकांत एरिक राजानें येथें कोट बांधला आणि येणाऱ्या-जाणाऱ्या परकी जहाजांकडून जकात घेण्यास आरंभ केला. जहाजानें गांवासमोर थांबावें, पैसे भरावे आणि मग पुढें जावें. न थांबणारांची समजूत घालण्यास तटावर तोफा होत्या. पुढें जकात मालाच्या किंमतीवर ठरूं लागली, तेव्हां किंमत कमी सांगण्याचा मोह नाखव्यांना होऊं लागला. त्यावर डॅनिश राजांनीं एक नामी तोड काढली. नाखवा जी किंमत सांगेल त्याच किंमतीला सगळा माल विकत घेण्याचा हक्क त्यांनीं स्वतःकडे ठेवला. खोटें बोलावें तर माल पडेल भावानें राजाच्या कोठारांत जावयाचा! पुण्याच्या नाक्यांवर जकात होती तोंवर ही युक्ति तेथें कोणी आणली नाहीं, हें येथील व्यापाऱ्यांचें भाग्यच म्हणावयाचें.

या उत्पन्नावर डेन्मार्कचें राज्य पोसलें गेलें. दुसऱ्या फ्रेडरिक राजानें १५७४ ते १५८५ या अवधींत जुन्या कोटाच्या जागीं आजचा राजवाडा उभारला. त्यांतील नृत्यशाळा सुमारें दोनशें फूट लांब आहे. १६२९ मध्यें मोठी आग लागून वाडा जळाला, तो पुन्हां बांधला गेला. १७८५ पासून सुमारें एकशेंचाळीस वर्षें तेथें लष्कराची छावणी होती. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी येथें १६२० मध्यें डॅनिश लोकांनीं ठाणें घातलें, तेव्हां कोपनहेगनहून निघणारीं त्यांचीं जहाजें याच किल्ल्याखालून बाहेर पडत. आणि पुढें तंजावरची गादी भोसल्यांकडे आल्यावर याच डॅनिश कंपनीला मराठ्यांच्या दरबारीं दरसाल खंडणी भरावी लागे. जगाकडून जकात घेणारे येथें जकात देत होते, ही मौज क्रोनबोर्गच्या तटावर उभें राहून आठवण्यासारखी आहे.

परंतु एल्सिनोरची कीर्ति जकातीमुळें नव्हे, हॅम्लेटमुळें आहे. शेक्सपीअरनें आपल्या राजपुत्राचें घर म्हणून हाच किल्ला घेतला. तो स्वतः तेथें गेल्याचा पुरावा नाहीं. मात्र १५८६ सालीं इंग्लिश नटांची एक टोळी येथें येऊन गेली होती, आणि त्यांतील कांहीं जण पुढें शेक्सपीअरच्याच मंडळींत होते. मराठी वाचकांना हें नाटक प्रथम नीट भेटलें तें पुण्याच्या गोपाळ गणेश आगरकरांमुळें. कोल्हापूर प्रकरणांत त्यांना व टिळकांना १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत एकशें एक दिवस काढावे लागले. त्या कोठडींत त्यांनीं हॅम्लेटच्या भाषांतराचें काम केलें. ‘विकारविलसित’ हें तें भाषांतर १८८३ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनीं तें रंगभूमीवर गाजविलें. पुढें आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असतां कर्वे त्याच कॉलेजांत गणित शिकवीत होते. १८९३ मध्यें कर्व्यांनीं विधवेशीं पुनर्विवाह केला, तेव्हां त्यांच्या पाठीशीं उभे राहणाऱ्या मोजक्या माणसांत आगरकर होते. तेव्हां एल्सिनोर हें नांव कर्व्यांना पोथींतलें नव्हतें. तें त्यांच्या सहकाऱ्याच्या लेखणींतून आलेलें होतें.

कर्व्यांचा हा प्रवास सहलीचा नव्हता. १९१६ मध्यें त्यांनीं स्त्रियांचें विद्यापीठ स्थापलें. मुलींना मातृभाषेंतून उच्च शिक्षण द्यावें हा त्यांतला मुख्य विचार. १९२० मध्यें ठाकरसी यांची मोठी देणगी मिळाली, तरी सरकारी मान्यता नव्हती. या विद्यापीठाच्या पदवीला बाजारांत मोल काय, हा प्रश्न पालकांच्या तोंडीं नित्य होता. घरीं जें पटत नाहीं तें बाहेरच्या जाणत्यांपुढें मांडावें आणि शक्य तेथें निधिहि जमवावा, या हेतूनें कर्वे १९२९ च्या मार्चमध्यें विलायतेस निघाले. ज्या पुण्यांत १८९० च्या सुमारास मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतल्याबद्दल प्रायश्चित्ताचे वाद माजले, आणि ज्या मुरुडांत पुनर्विवाहामुळें त्यांच्यावर बहिष्कार पडला, तेथल्या या माणसाला समुद्रलंघनानें आणखी गमावण्यासारखें कांहीं राहिलेंच नव्हतें.

इंग्लंडांत माल्व्हर्न येथील शिक्षकांच्या परिषदेस ते गेले, लंडनमध्यें कॅक्स्टन हॉलमध्यें हिंदी स्त्रियांच्या शिक्षणावर बोलले. जुलैच्या अखेरीस जिनीव्हा येथें शिक्षणपरिषद होती. तेथें त्यांनीं हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगाची हकीकत सांगितली. आणि ८ ऑगस्टपासून २१ ऑगस्टपर्यंत ते एल्सिनोरला होते. नव्या शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या संघाची जागतिक परिषद त्या वर्षीं क्रोनबोर्गच्या किल्ल्यांत भरली होती. माँटेसोरी बाई तेथें होत्या; त्यांच्या पद्धतीचा आंतरराष्ट्रीय संघ याच गांवीं याच महिन्यांत स्थापन झाला. छावणी उठून गेलेल्या वाड्यांत आतां मुलांनीं कसें शिकावें याची चर्चा चालली होती.

त्या मंडळींत मुरुडचा हा म्हातारा गणितशिक्षक बसलेला होता. मुरुड म्हणजे दापोलीजवळचें समुद्रकांठचें खेडें. तेथून सतराव्या वर्षीं तो एका परीक्षेसाठीं घाट चढून साताऱ्याला पायीं गेला होता. एकशें दहा मैलांची ती वाट चार दिवसांत तुडविली, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेला बसूं दिलें गेलें नाहीं. अशा माणसाला जागा मिळणें आणि न मिळणें यांतलें अंतर चांगलें ठाऊक असतें. एक योगायोगहि सांगण्याजोगा आहे. ओरेसुंडची जकात चारशेंहून अधिक वर्षें चालून १८५७ मध्यें बंद झाली. पुढच्याच वर्षीं, १८ एप्रिल १८५८ रोजीं, कर्व्यांचा जन्म झाला. तोफेच्या धाकानें वाटसरूंकडून पैसे घेणारें तें गांव, आणि दारोदार जाऊन, नकार पचवून, रुपयांइतक्याच आदरानें आणे स्वीकारणारे कर्वे. पैसा गोळा करण्याच्या या दोन रीति त्या पंधरवड्यांत एकाच तटाच्या आंत होत्या.

आज तेथें जावयाचें झाल्यास कोपनहेगनहून आगगाडीनें सुमारें पाऊण तास लागतो. गाडी पुष्कळ वेळ किनाऱ्याकिनाऱ्यानें जाते. समुद्राच्या बाजूची जागा पकडावी. किल्ल्यांत शिरल्यावर दालनें तर पाहावींच, परंतु तळघरें चुकवूं नयेत. तेथल्या अंधारांत होल्गर डान्स्के या पुराणवीराचा पुतळा झोंपलेला बसला आहे. देशावर संकट आलें म्हणजे तो जागा होईल अशी डॅनिश लोकांची श्रद्धा. हॅम्लेटचा पहिला प्रयोग या वाड्यांत १८१६ मध्यें झाला, आणि नट होते छावणींतले शिपाई. शेजारीं जहाजें बांधण्याची गोदी होती. कर्वे आले तेव्हां ती चालू होती, १९८३ मध्यें बंद पडली. तिच्या कोरड्या हौदाच्या पोटांत २०१३ पासून दर्यावर्दी वस्तूंचें संग्रहालय आहे, आणि तें किल्ल्याइतकेंच पाहण्यासारखें आहे. गांवांतल्या अरुंद गल्ल्या पायीं हिंडाव्या. वेळ उरल्यास नावेंत बसून वीस मिनिटांत स्वीडनला जाऊन यावें. पाण्यावरून किल्ला जसा दिसतो तसा जमिनीवरून दिसत नाहीं, आणि जकात भरणाऱ्या नाखव्याला तो कसा दिसत असेल हेंहि कळतें. एक मुक्काम केला तर उत्तम. चार तासांत आटोपणारांनीं निदान संध्याकाळची गाडी पकडावी; उन्हाळ्यांत तिकडे रात्रीं नऊपर्यंत उजेड असतो.

एल्सिनोरहून पुढें कर्वे अमेरिकेला गेले आणि मग जपानला. तोकियोच्या स्त्रीविद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका १९१५ मध्यें त्यांच्या हातीं पडली होती आणि तिच्यावरूनच हिंगण्याच्या विद्यापीठाची कल्पना त्यांना सुचली होती. तें मूळ विद्यापीठ त्यांनीं आतां डोळ्यांनीं पाहिलें. १९३० च्या एप्रिलांत ते परतले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, निधि पुरेसा न झाल्यामुळें, ते पुन्हां जहाजावर चढले. या वेळीं आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे.