कलावंताचा सन्मान केव्हां?



निफाड तालुक्यांतील विंचूर हें गांव विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या नांवानें इतिहासांत परिचित आहे. पेशवाईंत सरदाराच्या पराक्रमाचें मोल जहागिरीनें होई व ती वंशजांकडे चाले. गवयाच्या वांट्यास मात्र बहुधा दरबारची चाकरी येई. गळा चाले तोंवर मान, पुढें धन्याची मर्जी.

संस्थानें गेलीं आणि ही जबाबदारी सरकारकडे आली. संगीत नाटक अकादमीचा सर्वोच्च मान म्हणजे रत्नसदस्यत्व. १९५४ सालीं अल्लाउद्दीन खाँ, हाफिज अली खाँ यांना तो लाभला. १९५८ सालीं अंजनीबाई मालपेकरांना. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. भेंडीबाजार घराण्याच्या नझीर खाँसाहेबांच्या या शिष्येनें १९२३ च्या सुमारास, ऐन चाळिशींत, मैफलीचा निरोप घेतला होता. म्हणजे सन्मान आला तेव्हां त्यांचें जाहीर गाणें थांबून पस्तीस वर्षें लोटलीं होतीं! मग गौरव कशाचा झाला? मला वाटतें, त्या पस्तीस वर्षांचाच अधिक. कुमार गंधर्व, बेगम अख्तर, किशोरी आमोणकर अशा भिन्न प्रकृतीच्या कलावंतांनीं त्यांच्याकडे विद्या घेतली. तिकीट काढून ऐकावयास न मिळणारें हें कार्य अकादमीस दिसलें, हें विशेष.

असें भाग्य विरळाच. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें व गाणें सामान्य घरांत नेलें. पुढें मुंबईच्या विद्यालयाची वास्तु कर्जापायीं गेली. उत्तरायुष्य त्यांनीं नाशकांत, रामनाम-आधार आश्रमांत घालविलें. १९३१ सालीं ते निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ टपालाचें तिकीट निघालें तें १९७३ सालीं. भीमसेन जोशींना भारतरत्न जाहीर झालें तेव्हां त्यांचें वय शहाऐंशी होतें, आणि २०११ च्या जानेवारींत ते गेले. 'जीवनगौरव' या शब्दाची मला थोडी भीतीच वाटते, ती यामुळें.

दिल्लीचें दिल्ली पाहील. विंचूरसारख्या गांवांत भजनी मंडळाला पखवाज शिकविणारा एखादा वृद्ध असतोच. उत्सवांत त्यास शालश्रीफळ देतात. हार घालतात, भाषणें होतात आणि वाजविणें राहून जातें. त्याऐवजीं त्याच्या हाताखालचीं मुलें त्याच्या शेजारीं बसवावीं, आणि आधीं त्यांच्याकडून घटकाभर वाजवून घ्यावें.