दीड तिकीट काढा

सैन्यातून परतलेल्या माणसाला पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मनाला जडणारा आजार, होऊ शकतो, हे आता नव्यानं सांगायला नको. मला बोलायचंय त्याच्या बायकोबद्दल. महागावहून यवतमाळला डॉक्टरकडे निघालात ना? मग तिलाही घ्या. बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे. दीड तिकिटात काम होतं.

ती घरी काय करते, पाहा. नवऱ्याला हलवून उठवत नाही, दारातूनच हाक मारते. आठवडी बाजार एकटीच करते. लग्नाचं आवतण आलं की म्हणते, "यांना बरं नाही." करते मायेनंच, पण त्या मायेच्या आडोशाला आजार मुक्काम ठोकतो. कँडिस मॉन्सन आणि स्टेफनी फ्रेडमन यांच्या जोडप्यांसाठीच्या उपचारात टाळलेलं काम दोघांनी मिळून, थोडं थोडं करायचं असतं. 2012 साली 40 जोडप्यांच्या अभ्यासात त्यानं त्रास कमी झालेला दिसला.

पुढं सॅन डिएगोच्या संशोधकांनी या उपचाराला ऑक्सिटोसिनची जोड देऊन पाहायचं ठरवलं. बोलणं सुरू होण्याआधी माजी सैनिकाच्या नाकात फवारा. काहींच्या फवाऱ्यात औषध, काहींच्या नाही.

ऑक्सिटोसिन तुमच्या ओळखीचं आहे. बाळंतिणीला देतात, आणि गोठ्यात चोरून म्हशीला टोचतात, तेच! पारडू ढुशी देतं, ओळखीचा हात कासेला लागतो, तेव्हा म्हैस पान्हावते ती याच संप्रेरकानं. परका माणूस धारेला बसला की पान्हा चोरते. सुई टोचून दूध निघेल, तिचं बुजणं जात नाही. फवारा फार तर पान्ह्याला मदत करील. ढुशी बोलण्याचीच लागते. आणि ओळखीचा हात कुणाचा? बायकोचा. ती घरी बसली तर धार कोण काढणार? म्हणून पुन्हा सांगतो, दीड तिकीट.

आणि हो, मेडिकलमध्ये जाऊन "ते गुरांचं इंजेक्शन द्या" म्हणू नका! असला शहाणपणा आपल्याकडे फार. हा फवारा अजून प्रयोगातच आहे.

मदत फोनवरही मिळते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर 2023 मध्ये टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा सैन्यासाठी वेगळा कक्ष सुरू झाला. घरच्यांनीही फोन करावा. पोरांचंही सांगायचं होतं, बापाचा आवाज चढला की कोपरा धरणाऱ्या... पण वेळ संपल्याची खूण झाली. नंबर लिहून घ्या, 14416, पैसे पडत नाहीत. तुमचं बोलून झालं की फोन तिच्याकडे द्या.